टर्बोचार्जरजवळची गळती : मोटारीतील द्रवाचा उगम कसा शोधावा

मोटारगाडी पाहणाऱ्याला लोखंड, काच आणि रबर यांची बनलेली दिसते. परंतु तिच्या अंतर्भागात अनेक प्रकारचे द्रव निरनिराळ्या नळ्यांतून व पोकळ्यांतून सतत खेळत असतात. इंधन जळून शक्ती देते, वंगणतेल घर्षण कमी करते, कूलंट इंजिनाची उष्णता वाहून नेतो आणि ब्रेकचा द्रव पायाचा दाब चाकांपर्यंत पोचवितो. यांपैकी कोणताही द्रव एखाद्या सांध्यातून बाहेर येऊ लागला की गाडीखाली डाग पडतो. बहुतेक डाग खर्चाची आणि गैरसोयीची सूचना देतात. जळालेले वायू बाहेर नेणाऱ्या नळीजवळ होणारी गळती मात्र याहून गंभीर असते; कारण तेथे ज्वालाग्राही द्रव आणि त्याला पेटविण्याइतकी उष्णता ही दोन्ही वीतभर अंतरावर असतात. शिवाय ही गळती ओळखणेही कठीण असते. जी उष्णता धोका निर्माण करते तीच गळलेल्या द्रवाचा रंग, वास आणि थेंब नाहीसे करून टाकते. म्हणून येथे पुरावा नष्ट होण्यापूर्वी तो कसा गोळा करावा हा पहिला प्रश्न ठरतो.

दक्षिण दिल्लीतील मुनिरका येथील परिस्थिती या विषयाचे उदाहरण म्हणून घेण्यासारखी आहे. हे मूळचे खेडे आता शहराने चहूबाजूंनी वेढलेले आहे. त्याच्या एका अंगाला बाह्य रिंग रोडची अखंड वर्दळ आणि जवळच जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे; आत मात्र उंच घरांमधून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या आहेत. रिंग रोडवरील खोळंब्यात गाडी गोगलगाईच्या गतीने सरकते, तेव्हा इंजिनावर वारा लागत नाही. पुढे ती गल्लीत उभी केली म्हणजे तेथेही हवा फारशी खेळत नाही. मे-जून महिन्यांत दिल्लीचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि जानेवारीच्या पहाटे ते पाच अंशांच्याही खाली उतरते. धातू आणि रबर या दोहोंच्या प्रसरण-आकुंचनाची एवढी कसोटी थोड्याच ठिकाणी लागते.

टर्बोचार्जरचे कार्य

इंधनातून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा तप्त वायूंबरोबर नळीवाटे बाहेर निघून जाते. ही ऊर्जा उपयोगात आणण्याची कल्पना स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने मांडली व १९०५ साली तिचे पेटंट घेतले. बाहेर जाणाऱ्या वायूंच्या मार्गात एक लहान चक्र बसवावयाचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावयाचे. पहिले चक्र वायूंच्या झोताने फिरले की दुसऱ्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरावयाची, अशी ही योजना आहे. हवा अधिक मिळाली म्हणजे तितके अधिक इंधन जाळता येते आणि लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम होते.

प्रथम जहाजे, आगगाड्या व विमाने यांत वापरले गेलेले हे यंत्र १९६२ साली अमेरिकेतील दोन मोटारगाड्यांत आले. भारतात छोट्या डिझेल गाड्यांमुळे ते घरोघरी पोचले. फियाट कंपनीने विकसित केलेले १,२४८ घनसेंटिमीटर क्षमतेचे टर्बो-डिझेल इंजिन पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे आणि दिल्लीजवळच्या मानेसर येथेही तयार होत असे. मारुती स्विफ्टमध्ये ते २००७ साली आले आणि पुढे अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसविले गेले. २०२० साली प्रदूषणाचे भारत-सहा हे निकष देशभर लागू झाल्यावर मारुतीने डिझेल गाड्या बनविणे थांबविले. तथापि पेट्रोलच्या अनेक नव्या गाड्यांत टर्बोचार्जर आलेला असल्यामुळे प्रस्तुत प्रश्न जुना झालेला नाही.

टर्बोचार्जरचा दांडा पेन्सिलीएवढा बारीक असून तो मिनिटाला एक ते दोन लाख फेरे घेऊ शकतो. इतक्या वेगाने फिरणारा दांडा केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. त्यासाठी एका बारीक नळीने इंजिनातील तेल दाबाखाली त्याच्या मधल्या भागात येते. तेथून ते एका रुंद नळीने, केवळ स्वतःच्या वजनाने, इंजिनाच्या तळाकडे परत जाते. बहुतेक आधुनिक यंत्रांत या मधल्या भागाभोवती कूलंटही फिरविलेला असतो. त्याच्या लगतच्या कप्प्यातून जाणाऱ्या वायूंचे तापमान डिझेल गाडीत ७०० ते ८५० अंशांपर्यंत आणि पेट्रोल गाडीत त्याहूनही वर जाऊ शकते. म्हणजे तेलाचे दोन आणि कूलंटचे दोन असे चार सांधे अक्षरशः भट्टीच्या भिंतीला लागून आहेत. पॅकिंग, वॉशर आणि रबरी नळ्या येथे लवकर का कडक होतात, हे यावरून ध्यानात येईल.

द्रवाची ओळख

गळणारा द्रव कोणता हे समजले म्हणजे निम्मे काम होते. त्यासाठी सोपा उपाय असा : संध्याकाळी गाडी उभी केल्यावर इंजिनाखाली पांढरा जाड कागद किंवा पुठ्ठा पसरावा, त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात आणि सकाळी थेंब कोठे व कसे पडले ते पाहावे.

वंगणतेल ताजे असताना मधाच्या रंगाचे असते, वापरल्यावर तपकिरी व डिझेल गाडीत लवकरच काळे होते. ते बोटांना बुळबुळीत लागते आणि टीपकागदावर त्याचा डाग वाळत नाही. कूलंट हा पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण असून त्यात हिरवा, गुलाबी, निळा किंवा नारिंगी रंग घातलेला असतो. त्याला गोडसर वास येतो आणि पाणी उडून गेल्यावर चिकट, रंगीत कड मागे राहते. डिझेल दूरवर पसरते व त्याचा वास हातावरून सहजी जात नाही. पेट्रोलचा थेंब पाहता पाहता उडून जातो. उरतो तो वासच. स्वयंचलित गिअरचे तेल बहुधा लाल असते. ब्रेकचा द्रव फिकट पिवळसर असून तो रंगविलेल्या पत्र्याचा रंग उतरवितो. काही नव्या डिझेल गाड्यांत धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी युरियाचे ३२·५ टक्के द्रावण नळीत फवारले जाते. ते गळल्यास गरम पत्र्यावर पांढरे स्फटिक जमतात.

शंका राहिल्यास एक थेंब पाण्याच्या पेल्यात टाकावा. तेल व डिझेल तरंगतात, कूलंट पाण्यात मिसळून जातो. चव घेऊन परीक्षा करण्याचा मोह मात्र कधीही धरू नये. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. गल्लीतील कुत्री-मांजरे ते चाटून मरू शकतात; म्हणून सांडलेला कूलंट वाळू किंवा भुसा टाकून लगेच टिपून घ्यावा व ती जागा धुऊन काढावी.

निरुपद्रवी पाणी

प्रत्येक थेंब दोषाचा निदर्शक नसतो. वातानुकूलन यंत्राच्या थंड नळ्यांवर हवेतील बाष्प जमते व त्याचे स्वच्छ पाणी गाडीखाली ठिबकते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे पाणी इतके पडते की नवख्या माणसास ती गळतीच वाटावी. तसेच इंधनातील हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी निर्माण होते. एरवी ते वाफेच्या रूपाने निघून जाते, पण हिवाळ्याच्या सकाळी थंड सायलेन्सरात त्याचे थेंब जमतात. एखादा सांधा सैल असेल तर हे पाणी काजळी घेऊन तेथून ठिबकते आणि काळ्या तेलासारखे दिसते. पाण्याच्या पेल्याची परीक्षा येथे निर्णायक ठरते : हा काळा थेंब तरंगत नाही, त्यातील काजळी पाण्यात पसरते. अशा वेळी दोष तेलाचा नसून सायलेन्सरच्या सांध्याचा असतो.

थेंबाची जागा आणि गळतीची जागा

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे जेथे थेंब पडला त्याच्या बरोबर वर दोष शोधणे. द्रव खाली उतरताना नळ्यांच्या कडेकडेने वाहतो, एखाद्या बोल्टाच्या टोकाशी थांबतो आणि तेथून पडतो. गाडी धावत असताना वारा त्याला मागे ढकलतो. इंजिनाखालच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर तो साचतो व भलत्याच छिद्रातून बाहेर येतो. म्हणून जमिनीवरील थेंब प्रवासाचा शेवट तेवढा दाखवितो, आरंभ नव्हे. आरंभ शोधण्याचा नियम सरळ आहे : ओलाव्याची सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा पाहावी. द्रव स्वतः होऊन वर चढत नाही.

टर्बोचार्जरजवळ मात्र या नियमालाही अडचण येते. वरून आलेले तेल तप्त पत्र्यावर पडताच जळते आणि करपट वासाखेरीज काही उरत नाही. कूलंट वाफ होऊन उडतो. शिवाय दिल्लीच्या धुळीने जुन्या ओलाव्यावर काळा लेप चढलेला असतो व जुनी गळती कोणती, नवी कोणती हे कळत नाही. म्हणून पाहण्यापूर्वी पुसणे आवश्यक आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर संशयित भाग योग्य द्रावणाने स्वच्छ करून कोरडा करावा, थोडे अंतर गाडी चालवावी आणि लगेच, उष्णतेने खुणा पुसल्या जाण्यापूर्वी, विजेरीने पाहावे. स्वच्छ पृष्ठभागावरील पहिला ओला ठिपका हाच खरा साक्षीदार होय.

गळतीची वेळही बोलकी असते. तेलावर दाब असतो तो इंजिन चालू असतानाच. म्हणून दाबाच्या नळीची गळती चालत्या इंजिनावर वाढते व ते बंद केल्यावर थोड्या वेळाने थांबते. कूलंटवर दाब येतो तो इंजिन तापल्यावर. म्हणून त्याची लहान चीर बहुधा प्रवासानंतर गळते. उलट काही रबरी नळ्या जानेवारीच्या थंडीत आकुंचन पावून क्लिपखाली सैल होतात आणि इंजिन तापताच त्यांची गळती आपोआप बंद होते. केवळ दुपारी तपासणाऱ्याला ही गळती कधीच सापडणार नाही.

एक उदाहरण

समजा, मुनिरकेतील एका टर्बो-डिझेल गाडीत घरी पोचल्यावर करपल्यासारखा वास येतो. सकाळी पुठ्ठ्यावर काळे, बुळबुळीत, पाण्यावर तरंगणारे थेंब आढळतात आणि टर्बोचार्जरवरील उष्णतारोधक पत्रा ओला दिसतो. द्रव वंगणतेल आहे हे निश्चित झाले. आता चार शक्यता उरतात. इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरचे पॅकिंग कडक होऊन तेथून तेल खाली उतरत असेल. तेल आणणाऱ्या बारीक नळीच्या बोल्टाखालील तांब्याचा वॉशर दबला असेल. तेल परत नेणाऱ्या रुंद नळीचे पॅकिंग गेले असेल. किंवा टर्बोचार्जरच्याच आतील सील निकामी झाले असेल.

या चारही शक्यता स्वच्छ केलेल्या इंजिनावर वेगळ्या करता येतात. टर्बोचार्जरच्या वरचा इंजिनाचा भाग ओला असेल तर दोष टॅपेट कव्हरचा. तो भाग कोरडा असून बारीक नळीचा बोल्ट ओला असेल तर वॉशरचा. वरचे सर्व कोरडे आणि खालचा सांधा ओला असेल तर परतीच्या नळीचा. आतले सील गेले असेल तर तेल बहुधा बाहेर ठिबकतच नाही. ते गरम बाजूला जळून सायलेन्सरमधून निळसर धूर देते, किंवा थंड बाजूने हवेच्या नळीत उतरते. हवेच्या नळीत तेलाचा पातळ ओलसर थर मात्र चांगल्या गाडीतही असतो. तेवढ्यावरून दोष ठरवू नये.

आतील सीलही नीट समजून घेतले पाहिजे. ते पाण्याच्या बुचासारखे घट्ट नसते. दट्ट्याच्या कड्यांसारखी बारीक धातूची कडी आणि दोन्ही बाजूंच्या वायूंचा दाब यांच्या साहाय्याने ते तेल आत राखते. परतीची नळी जळलेल्या तेलाच्या खपल्यांनी अर्धवट बुजली, किंवा इंजिनाच्या पोटातील वायू बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला, तर तेल मागे साचते व चांगल्या सीलमधूनही वाट काढते. अशा वेळी नवा टर्बोचार्जर बसविला तरी काही दिवसांत तोही गळू लागतो. म्हणून महागडे यंत्र बदलण्यापूर्वी परतीची नळी आणि ब्रीदर मोकळे आहेत की नाहीत हे पाहण्याचा आग्रह धरावा. अनेकदा काही रुपयांच्या वॉशरने किंवा नळी साफ करण्याने काम भागते.

कूलंटची गळती असल्यास इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून त्यावर झाकणाने ठरवून दिलेला, म्हणजे सामान्यतः एका वातावरणाच्या आसपासचा, दाब देतात. काटा खाली उतरू लागला तर गळती आहे, आणि इंजिन थंड असल्यामुळे थेंब उडून न जाता आपली जागा दाखवितो. तेलाची अतिसूक्ष्म गळती शोधण्यासाठी तेलात विशिष्ट रंगद्रव्य मिसळून जंबुपार प्रकाशात पाहतात. गळतीची जागा हिरवट-पिवळी चमकते. पुरावा उष्णतेपासून वाचविणे हेच या दोन्ही पद्धतींचे मर्म आहे.

कारण एका द्रवात, परिणाम दुसऱ्यात

कधी कधी दिसणारा द्रव हा मूळ दोषाचा दुसरा किंवा तिसरा परिणाम असतो. २०१७ साली फोर्ड कंपनीने अमेरिकेत १·६ लिटरच्या टर्बो-पेट्रोल इंजिनाच्या दोन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. कूलंटचे अभिसरण अपुरे पडल्याने सिलिंडरचा माथा तापून तडकू शकत होता. त्या तड्यातून दाबाखालचे तेल बाहेर येऊन गरम पृष्ठभागावर पडले तर आग लागण्याचा संभव होता. गळत होते तेल, पण मूळ उणीव कूलंटची होती. म्हणूनच यावरील उपायात कूलंटची पातळी कमी होताच चालकाला सूचना देणारे साधन बसविणे समाविष्ट होते. सामान्य मोटारधारकाने यातून एवढे घ्यावे की, गळती सापडली तरी तेल आणि कूलंट या दोहोंची पातळी दर आठवड्यास पाहून लिहून ठेवावी. दोन आकड्यांतील फरक पुष्कळदा डागापेक्षा आधी बोलतो.

गाडी केव्हा चालवू नये

प्रत्येक ज्वालाग्राही द्रवाचे एक तापमान असे असते की, तेथे ठिणगीवाचूनही त्याची वाफ पेट घेते. डिझेलच्या बाबतीत ते सुमारे २१० ते २६० अंश आणि एथिलीन ग्लायकॉलच्या बाबतीत सुमारे ४०० अंश आहे. उघड्या, वारा लागणाऱ्या पृष्ठभागावर वाफ विखुरली जाते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून बरेच अधिक तापमान लागते. तथापि चढावर किंवा वेगाने चालविलेल्या गाडीचा टर्बोचार्जर तेवढा सहज तापतो. कूलंटमध्ये पाणी असले तरी ते आधी उडून जाते आणि मागे उरलेले ग्लायकॉल जळू शकते. तेलाने भिजलेले उष्णतारोधक वेष्टन तर दिव्याच्या वातीसारखे वागते. गाडी थांबल्यावर वारा बंद होतो व आतली उष्णता कोंडते. म्हणून धावताना न पेटलेली गाडी उभी केल्यावर पेटू शकते.

यावरून काही नियम निघतात. इंधनाचा वास येत असेल, बॉनेटखालून धूर निघत असेल, तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला असेल किंवा उष्णतादर्शक काटा वर गेला असेल तर गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन बंद करावे, सर्वांनी उतरावे आणि ती ओढून कारखान्यात न्यावी. धूर निघत असताना बॉनेट पूर्ण उघडू नये. आत हवेचा लोंढा जाऊन ज्वाला भडकते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण काढू नये. आधुनिक डिझेल इंजिनातील इंधनावर हजार वातावरणांहून अधिक दाब असतो व त्याची बारीक चिळकांडी कातडीत घुसते; म्हणून चालू इंजिनावर हाताने गळती चाचपू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. बंद जागेत किंवा कोंदट गल्लीत इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही आणि वासही नाही.

मिस्त्रीकडे जाताना गाडीबरोबर डागांचा पुठ्ठाही न्यावा. थेंब कोणत्या रंगाचा होता, पाण्यावर तरंगला की मिसळला, गाडी थंड असताना पडला की गरम असताना, आठवड्यात तेलाची व कूलंटची पातळी किती उतरली, या चार गोष्टी त्याला सांगाव्यात. त्या हाती असल्या म्हणजे चांगल्या कारागिराला थेट संशयित सांध्यापाशी जाता येते. दुरुस्ती झाल्यावरही तोच भाग स्वच्छ पुसून आठ दिवस नवा पुठ्ठा घालून पाहावा. तो कोरडा राहिला आणि दोन्ही द्रवांची पातळी स्थिर राहिली, तरच दुरुस्ती पुरी झाली असे समजावे.